ग्रहणात हरवलेलं पातं

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढं यावं, सतरंजी मोकळी आहे. आपल्याच संभाजीनगरातली, पुंडलिकनगरच्या मागच्या गल्लीतली गोष्ट सांगायची आहे. चोरी झाली, चोर सापडला, अन् तरी चोरीचा माल काही सापडेना, अशी ही गोष्ट. कान द्या आणि चित्त द्या. मधे कुणी चहाला उठू नका.

१

नाताळच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, ते वर्ष आठवतं ना? सकाळी आठच्या सुमाराला लागलं आणि अकराच्या आत सुटलं. त्या दिवशी बाराच्या ठोक्याला फकिरा टेम्पोवाला व्यंकटरावांच्या दारात उभा राहिला. चेहरा असा, की घरात कुणी गेलं असावं.

व्यंकटराव म्हणजे जिल्हा कोर्टातले निवृत्त पेशकार. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून त्यांनी चाळीस वर्षं साक्षी ऐकल्या होत्या. आता ते दत्ताच्या देवळात कीर्तनाला पेटीची साथ करत. बुवांचा श्वास कुठं थांबतो ते ओळखून स्वर धरायचा, ही त्यांची खुबी. गल्लीत कुणाचं काही बिनसलं की त्यांना बोलावणं यायचं.

फकिरा म्हणाला, "पेशकारसाहेब, मालकानं बोलावलंय. मशीनचं पातं गेलं. चतुराबाईला पोलिसात द्यायचं म्हणतेत."

व्यंकटरावांनी टोपी घातली. चतुराबाई त्यांना चांगली ठाऊक होती. कीर्तनात खांबापाशी बसायची, आख्यानात रुक्मिणी रडली की ही आधी रडायची. ते लगेच टेम्पोत बसले.

२

काकासाहेबांची बेकरी मोठी नव्हती, पण तिच्या थराच्या पेस्ट्रीचं नाव जालना रोडपासून वाळूजपर्यंत होतं. खारीसारखे पापुद्रे, त्यावर क्रीम, परत पापुद्रे, परत क्रीम. अशी एक मोठी लादी करायची, थंड करायची आणि मग तिचे चौकोन कापायचे. कापणं हेच अवघड. सुरी जरा दाबली की पापुद्रे भुगा होतात आणि क्रीम बाजूनं बाहेर येतं. वीस वर्षं हे काम चतुराबाईनं केलं, गरम पाण्यात सुरी बुडवून, पुसून, एकेक. नाताळ ते एकतीस डिसेंबर मागणी एवढी वाढायची, की तिला पाठ टेकायला मिळायची नाही.

दिवाळीत काकासाहेबांनी पुण्याहून मशीन आणलं. त्याचं पातं हातभर लांब, चकचकीत, वजनाला हलकं. बटण दाबलं की ते सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतं. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, पण लादीतून असं उतरतं की पापुद्र्याला खबर नाही. पातं एकच. दुसरं मागवलं तर पुण्याहून उद्या येणार. आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या स्नेहसंमेलनाला बाराशे पेस्ट्र्या आज संध्याकाळी सहाला निघायच्या होत्या. पन्नास आणि वर चार जादा लाद्या थंड कपाटात तयार होत्या, पण सुरीनं एवढे नग सहापर्यंत होणं शक्य नाही, मग कापणार कशानं?

काकासाहेब येरझाऱ्या घालत होते. मूळचे शेतकरी घराण्यातले, शहरात येऊन कष्टानं वर आलेले. आवाज मोठा, मन वाईट नाही. ते भडाभडा सांगत सुटले. सकाळी साडेसातला मशीन पुसलं तेव्हा पातं जागेवर होतं. आठला बद्रीनाथनं आरोळी दिली की पातं नाही. त्या अर्ध्या तासात आत तिघंच: स्वतः काकासाहेब, मशीन चालवणारा बद्रीनाथ आणि चतुराबाई. फकिरा क्रीम आणायला डेअरीवर गेला होता, त्याची तिथं नोंद आहे. पॅकिंगची गोदा सहा महिन्यांची पोटुशी, तिनं ग्रहण पाळायचं म्हणून कालच सुट्टी घेतली.

"मी म्हणालो तिला," काकासाहेब म्हणाले, "ग्रहणाच्या नावानं जो घरी बसंल त्यानं परत येऊ नये. ऐन सीझन आहे. तरी गेली. पण पातं नेलंय चतुराबाईनं. दिवाळीत मशीन आलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणली, ह्या मशीनला कुणाची तरी दृष्ट लागू दे. तिची सुरी गेली ना हातातून. तीनला हवालदार येतोय. तवर पातं निघालं तर ठीक, नायतर तिची वरात चौकीवर."

व्यंकटरावांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा.

३

आधी त्यांनी मशीन पाहिलं. पातं जिथं बसतं तिथली आटे पडलेली जागा लोण्याच्या कागदात नीट गुंडाळलेली होती, वर रबर लावलेलं. पाना खिळ्याला टांगलेला. बद्रीनाथ बाजूला उभा होता. पंचविशीतला, आयटीआय झालेला, तोंडाळ पोरगा. तो सांगत होता, की हा नट सोडवायला त्यालासुद्धा अंगाचा भार टाकावा लागतो. मशीनच्या फळीवर चहाचा कप होता, काठोकाठ भरलेला, वर जाड साय धरलेली. व्यंकटरावांनी सहज विचारलं, हा कुणाचा? बद्रीनाथ म्हणाला, माझाच, गडबडीत राहिला.

काकासाहेब मधेच बोलले, की ग्रहण-बिहण थोतांड आहे हे दाखवायला नऊ वाजता त्यांनीच सगळ्यांना चहा पाजला. आणि गोदाची सगळ्यांत जास्त टिंगल ह्या बद्रीनंच केली होती, लेकराचा ओठ कापला जातो म्हणे, असं म्हणत.

बद्रीनाथ हसला. हसताना त्यानं खाली पाहिलं.

मग व्यंकटराव पिठाच्या खोलीत चतुराबाईकडं गेले. ती पोत्यावर बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पदर डोक्यावर, डोळे कोरडे. त्यांनी तिच्यासाठी चहा आणवला. तिनं पेला दोन्ही हातांनी उचलला, आणि तरी चहा हिंदकळला. उजवं मनगट सुजलेलं होतं. बांगड्या तिनं डाव्या हातात चढवल्या होत्या, सगळ्या.

व्यंकटरावांनी त्या मनगटाकडं नीट पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चतुराबाई, ह्या हातानं तो नट निघणार नाही. हा हात मालकाला दाखवा, सुटाल."

"सुटंन की, दादा. अन् कामातूनबी सुटंन."

बाहेर काकासाहेबांचा आवाज चढला होता. ती पदराआड बोलू लागली. दोन वर्षं झाली हात असा आहे. रात्री मुंग्या येतात, सकाळी सुरी धरवत नाही. ते मशीन आलं त्या दिवशी तिनं देवापुढं नारळ फोडला होता.

"तोंडानं शिव्या दिल्या, कामून की नायतर मालक म्हणला असता, हिला सुरी नकोशी झाली. आता ट्रे पुसते, लाद्या लावते, कुणाच्या ध्यानात येत नाय. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. ह्यो हात दावला तर उद्या कोण ठिवंल मला? चोर म्हणलं तर म्हणू द्या. पांडुरंगाला ठावं हाय."

"चोर म्हणून चौकीवर गेलात तरी काम जाणारच ना."

"जाईल. पर हाताचं कळलं तर दुसऱ्या कुठंबी मिळणार नाय."

तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं, की हाताचं कुणाला सांगायचं नाही. व्यंकटरावांनी दिलं. तिला सोडवणारी एकच साक्ष त्यांच्याजवळ होती, आणि त्या साक्षीवर आता कुलूप पडलं होतं. खरा माणूस शोधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तीन वाजायला दोन तास उरले होते.

४

ते मागच्या अंगणात आले. पाय भसकन चिखलात गेला. अंगण धुऊन काढलेलं, कढीपत्त्याच्या झाडाबुडी पाण्याचं तळं साचलेलं. ज्या शहरात नळाला पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं एवढं पाणी कुणी ओतलं असेल? पण तेव्हा त्यांचं मन दुसरीकडं होतं. धोतर झटकून ते ओट्यावर बसले आणि बद्रीनाथला बोलावून घेतलं.

"बस इथं. ओरडायचं नाही, मीही ओरडत नाही. ज्याला मशीनचा राग आहे तो पातं ओढून काढतो, आटे मोडतो. इथं कुणीतरी आट्यांना कागद बांधला, पाना खिळ्याला लावला. म्हणजे पातं काढणाऱ्याला ते परत बसवायचं होतं. बरोबर?"

बद्रीनाथ पायानं चिखल उकरू लागला.

"परत कधी बसवायचं? अकरानंतर कापायला घेतलं असतं तरी बाराशे नग सहापर्यंत झाले असते. म्हणजे कुणाला तरी फक्त तीन तास कापणं नको होतं. ग्रहणाचे तीन तास. मला आधी गोदा आठवली. पण ती तर घरी. तिच्यासाठी इथलं मशीन बंद पाडायचं कुणाला कारण नाही. मग उरलं कोण? ज्याच्या बोटानं बटण दाबलं जातं तो."

"काका, मी असलं मानत नाय."

"मग नऊचा चहा का नाही प्यायलास? साय धरेपर्यंत कप तसाच. मालकानं सगळ्यांना पाजला, तू तेवढा तोंडाला लावला नाहीस. घरी कोण आहे रे, पोटुशी?"

बद्रीनाथचा चेहरा पडला, आणि तो बोलू लागला. बायको खुलताबादला, सातवा महिना. आधीचं एक पोटातच गेलेलं. पहाटे आईचा फोन आला: बाप्या असलास तरी ग्रहणात हाती पातं धरू नको, तुझ्या हातून कापलं गेलं तर लेकराला भोवंल. त्यानं आईला झिडकारलं. पण साडेसातला मशीनपुढं उभा राहिला आणि हात पुढं जाईना. गोदाची टिंगल करून बसलेला, मालकाला कोणत्या तोंडानं सांगणार? मालक कपाटाकडं गेला तेवढ्यात त्यानं पातं काढलं, आणि अकराला बसवून टाकू, सापडलं म्हणून सांगू, असा बेत केला.

"मग अकराला का नाही बसवलंस?"

"मालकानं पुढच्या खोलीत कोंडलं ना सगळ्यांना. चतुराबाईचं नाव निघालं तवा बोलणार होतो, काका, देवाशपथ. जीभच उचलली नाय."

"आता उचल. पातं कुठं आहे?"

त्यानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. पिण्याच्या पाण्याचा लहानसा निळा ड्रम. ग्रहणात कुणी पाणी पिणार नाही, कुणी झाकण उघडणार नाही. पात्याला पाण्यानं काही होत नाही. आणि ह्या शहरात भरला ड्रम ओतून देणारा वेडा कोण भेटणार?

तो धावत गेला, झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला. ड्रम कोरडा होता. आत हात फिरवला तर बोटांना फक्त ऊन लागलं.

५

व्यंकटरावांनी आधी ड्रमकडं पाहिलं, मग कढीपत्त्याखालच्या तळ्याकडं, मग वर. माडीच्या खिडकीत काकासाहेबांची आई वच्छलाबाई जप करत बसली होती. ऐंशीची म्हातारी. मुलाच्या विज्ञानाला तिनं कधी विरोध केला नाही, आणि कधी जुमानलंही नाही.

तिला विचारलं तर ती सरळ बोलली. ग्रहणातलं पाणी का कुणी पितं? सुटल्यासुटल्या ड्रम उपडा केला, झाडाला पाणी मिळालं. पाण्यात तुळशीचं पान कुणी टाकलं नव्हतं, मग काय करणार.

"आणि आत काय होतं, आजी?" बद्रीनाथनं विचारलं.

"लोखंडाची एक पट्टी व्हती बाबा. कुणी टाकली काय माहीत. तेवढ्यात साळूबाई आली, 'दे दान, सुटे गिराण' करीत. गव्हाची ओंजळ दिली, तीळ दिले, लुगडं दिलं. ग्रहणाला लोखंडाचं दान लई मोठं. मंग ती पट्टी दिली तिला. देवानंच पुढ्यात टाकली म्हणलं."

बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. ग्रहण सुटलं की गल्लीगल्लीत आरोळी देत दान मागणारी माणसं येतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पुण्याहून आलेलं पातं त्या झोळीत जाईल, हे मात्र कोणत्या आयटीआयमधे शिकवलेलं नव्हतं. दानात आलेलं लोखंड बहुतेक भंगारात जातं. साळूबाई दौलताबादेहून यायची, एवढंच म्हातारीला ठाऊक होतं.

दीड वाजला होता. बद्रीनाथ म्हणाला, मालकाला आत्ताच सांगतो. व्यंकटरावांनी नको म्हणून मान हलवली. पातं हाती नसताना सांगून चतुराबाई सुटेल, पण माल जाईल, आणि मालकाचा राग कुणावर तरी फुटायचाच. आधी पातं. फकिरानं टेम्पो काढला.

तिघं दौलताबादच्या रस्त्याला लागले. नाताळच्या सुट्टीमुळं किल्ला बघायला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. मिटमिट्यापाशी दहा मिनिटं चाक हललं नाही. व्यंकटरावांच्या खिशातला फोन वाजला. काकासाहेब सांगत होते, हवालदार लवकरच आलाय, चतुराबाईला समोर बसवलंय, ती तोंड उघडत नाही. तुम्ही गेलात कुठं?

व्यंकटराव म्हणाले, "अर्धा तास थांबा. माझ्या शब्दाखातर थांबा."

त्यांनी फोन खिशात टाकला. मनातल्या मनात त्यांनी नामाचा धागा धरला, पण प्रत्येक नामामागं घड्याळ दिसत होतं.

६

विचारत विचारत ते किल्ल्याखालच्या वस्तीत पोचले. पेरूच्या गाड्यांमागं साळूबाई दारात गहू निवडत बसली होती. शेजारी चिंधीत गुंडाळलेलं पातं. बद्रीनाथ ते पाहून पुढं झेपावला, तशी तिनं चिंधीवर हात ठेवला.

"तुम्ही त्या बेकरीचे का? मंग आधी ऐका. म्या हे घेऊन परत आलते, बाराच्या टायमाला."

"परत आला होतात?" व्यंकटरावांनी विचारलं.

"व्हय. रस्त्यानं झोळीत हात घातला तर हे लोखंडावानी जड नाय. आमच्या जावयाकडं भंगाराचं चुंबक असतं, त्याचं दुकान तुमच्या गल्लीच्या नाक्यावरच. लावून पाह्यलं, चिकटंना. जावई म्हणला, मामी, हे भारी दिसतंय, इकून टाकू. म्या म्हणलं, नाय बाबा. म्हातारीनं लोखंड म्हणून दिलं, अन् हे लोखंड नाय. चुकून दिलेलं दान अंगाला लागत नाय. परत गेले, तर तुमच्या मालकानं खिडकीतूनच हाकललं. गिराण सुटलं, दान झालं, आता जा म्हणला. दोनदा सांगाया गेले, दोनदा खिडकी लावली."

व्यंकटराव पुढं झाले. त्यांनी त्या बाईला वाकून नमस्कार केला. ती ओशाळली. चिंधी सोडून तिनं पातं त्यांच्या हातात दिलं आणि गव्हाकडं वळत म्हणाली, "पर माझं लोखंडाचं दान राह्यलं हं. तेवढं म्हातारीला सांगा."

७

ते परत आले तेव्हा सव्वातीन झाले होते. हवालदारानं कागद काढला होता. चतुराबाई भिंतीकडं बघत होती. बद्रीनाथनं पातं मेजावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, कुणी थांबवायच्या आत. चहाचं, आईच्या फोनचं, ड्रमचं, साळूबाई दोनदा परत आल्याचं. शेवटी तो चतुराबाईच्या पायाशी बसला.

हवालदारानं डोकं खाजवलं. "काकासाहेब, मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू? ह्यानं पातं आवाराबाहेर नेलंच नाय. बाहेर दिलं तुमच्या मातोश्रींनी. आणि परत आलेलं हाकललं तुम्ही."

वच्छलाबाई जिन्यात उभी होती. काकासाहेबांनी आईकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं आणि कागद हवालदाराच्या हातातून घेऊन चुरगळला. तक्रार नाही म्हणाले. मग चतुराबाईपुढं येऊन त्यांनी हात जोडले.

पण वेळ थांबली नव्हती. बद्रीनाथनं पातं बसवलं आणि पहिली लादी ओढली. काकासाहेब घाई करत होते. बटण दाबलं, पातं उतरलं आणि क्रीम दोन्ही बाजूंनी पचकन बाहेर आलं. पापुद्रे घसरले. दुसरी लादी, तेच. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पातं पाण्यात बिघडलं की काय?

चतुराबाई उठली. तिनं डावा तळवा तिसऱ्या लादीवर अलगद टेकवला.

"पातं बराबर हाय. लाद्या निवल्या नायत. सकाळधरनं पातं कपाटात तर नाय ना म्हणून धा वेळा दार उघडलं तुम्ही, गारवा राह्यला कुठं त्यात? दार लावा. अर्धा घंटा कुणी हात लावू नका."

काकासाहेबांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास म्हणजे चार वाजणार. व्यंकटरावांनी फक्त एवढंच म्हटलं, की वीस वर्षांच्या तळव्याचं ऐकावं. कपाट बंद झालं. तो अर्धा तास कसा गेला ते तिथं बसलेल्यांनाच ठाऊक. चारला चतुराबाईनं एकेका लादीवर तळवा ठेवून ही घ्या, ही राहू द्या, असं सांगायला सुरुवात केली, आणि पातं थरांमधून असं उतरत गेलं, जसा चांगल्या गळ्यातून सूर उतरतो. एक पापुद्रा हलला नाही. सहाला दहा कमी असताना फकिराचा टेम्पो वाळूजच्या रस्त्याला लागला.

त्या दिवसापासून चतुराबाईचं काम ठरलं. तिनं लादीवर हात ठेवून हो म्हटल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. तिचा उजवा हात पदराखालीच राहिला, त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि व्यंकटरावांनीही कधी काही सांगितलं नाही. काकासाहेबांनी फकिराला गोदाच्या घरी पाठवलं, नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी कामावर ये म्हणून. एकतीस तारीख सरल्यावर बद्रीनाथला चार दिवस खुलताबादला पाठवलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई मुलाला म्हणाली, गाडी काढ. चूल सोडल्यापासून फडताळात जपून ठेवलेला सासूचा लोखंडी तवा तिनं मांडीवर घेतला होता. दौलताबादेत काकासाहेब दारातच थांबले. साळूबाईनं त्यांना आत बोलावलं, गुळाचा चहा दिला, तवा दोन्ही हातांनी घेतला. कालच्या खिडकीचं कुणी काही काढलं नाही.

तर मायबापहो, पुढं कधी ग्रहण सुटेल आणि तुमच्या दारात आरोळी येईल. तेव्हा त्या साळूबाईची आठवण ठेवा, जी भरल्या झोळीनं दोनदा परत आली.